मिस्सा सप्टेंबरात, खड्डे एप्रिलात

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ आता जगभरच्या चर्चमध्ये पाळला जातो. सुरुवात ऑर्थोडॉक्स चर्चकडून झाली. १९८९ साली त्या चर्चचे धर्मप्रमुख पॅट्रिआर्क दिमित्रिऑस पहिले यांनी १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या प्रार्थनेसाठी ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिकांसाठीही तोच दिवस जाहीर केला. काळ संपतो तो असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाला. तारखा सुंदर आहेत, फक्त त्या कोकणच्या पावसाकडे बघून ठरलेल्या नाहीत. आपल्याकडे सप्टेंबरच्या मध्यावर लावलेल्या रोपाला जेमतेम तीन-चार आठवडे पाऊस मिळतो. मुळं खड्ड्याबाहेर पडायच्या आत ऑक्टोबरचं ऊन येतं आणि नाताळच्या गोठ्याची तयारी सुरू होईपर्यंत रोपाची काडी झालेली असते.

म्हणून आमचं आग्रहाचं सांगणं एकच आहे: उपासना सप्टेंबरातच ठेवा, पण लागवड जूनअखेरीला उरकून घ्या. सप्टेंबरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली वेदीवरची उपासना, ही जगलेल्या झाडांच्या हिशेबाची आणि उपकारस्तुतीची असू दे.

हे जमवायचं तर चर्चचं वर्ष आणि मातीचं वर्ष शेजारी ठेवून पाहावं लागतं. ते छान जुळतं.

राखेच्या बुधवारी कपाळाला लागणारी राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांची असते, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाची सुरुवातच झाडापासून होते. त्याच आठवड्यात पॅरिश कौन्सिलने, म्हणजे धर्मग्रामाच्या समितीने, जागा पाहून घ्यावी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारसाठी झावळ्या कापणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवावी: नारळ असो की शिंदी, या झाडांना वाढीचा कोंब एकच असतो. मधली कोवळी सुई ओढली की वरून हिरवं दिसणारं झाड आतून संपतं. कडेच्या पक्व झावळ्या घ्या, आणि एकाच झाडावरून दोन-तीनपेक्षा जास्त घेऊ नका.

जागा पाहताना आधी पाण्याचा हिशेब करावा. समजा ५० झाडं लावायची आहेत. पहिल्या वर्षी एका झाडाला एका वेळी १२ लिटर पाणी आणि आठवड्यातून दोन पाळ्या धरल्या, तर आठवड्याला १,२०० लिटर लागतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण ३३ आठवडे होतात. एकूण ३९,६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. हे पाणी कुठून येणार, कोण घालणार, चर्चच्या विहिरीला एप्रिलमध्ये किती हात पाणी असतं आणि ते मचूळ होतं का, याची उत्तरं मिळाल्याशिवाय रोपांचा आकडा ठरवू नये. पाचशे रोपांच्या फलकापेक्षा पन्नास जिवंत झाडं कधीही चांगली. पाणी पंचवीस झाडांपुरतं असेल तर पंचवीसच लावा.

वसई पट्ट्यात ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत अजून बावखल, म्हणजे जुनं गोड्या पाण्याचं तळं, शिल्लक आहे, त्यांनी लागवडीआधी त्याचा गाळ काढावा. दोन कामं एकदम होतात. बावखलात पाणी जास्त जिरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहतात. आणि निघालेला गाळ किनाऱ्याकडच्या रेताड खड्ड्यांत घालायला सोन्यासारखा. मात्र काढल्या काढल्या ओला गाळ खड्ड्यात टाकू नये. तो पसरून आठ-दहा दिवस उन्हात वाळू द्यावा आणि ढेकळं फोडून घ्यावीत.

ईस्टर झाला की खड्डे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. मुरूम किंवा कठीण जमीन असेल तर तीन फूट. वरची फूटभर काळी माती एका बाजूला आणि खालची निकस माती दुसऱ्या बाजूला काढावी. भरताना वरची माती खाली, मुळांजवळ जाते. खड्डे तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावेत, म्हणजे हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीचा जोर कमी होतो. मेअखेरीस भरून घ्यावेत: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड. अर्धं कच्चं शेण घातलं तर ते खड्ड्यातच कुजतं, तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. रेताड जमिनीत वर सांगितलेला गाळ मिसळावा. खाडीकडच्या चिकणमातीत उलट करावं: तळाशी विटांचे तुकडे, मातीत वाळू, आणि झाड जमिनीच्या वर फूट-दीड फुटाच्या उंचवट्यावर. तिथे खड्ड्यात झाड लावणं म्हणजे त्याला पाण्यात बुडवणं. भरलेला खड्डा पावसात चार-सहा इंच बसतो, म्हणून तेवढी माती वर ठेवावी.

झाडं कोणती? समुद्राचा खारा वारा थेट येतो तिथे उंडी, भेंड, करंज, नारळ. आवारात सावलीसाठी बकुळ, जांभूळ, फणस, चिंच. फुलांसाठी ताम्हण, सुरंगी आणि सोनचाफा. वेदीवरच्या फुलदाणीला दादरच्या बाजाराकडे बघावं लागणार नाही. बावखलाच्या काठाला उंबर आणि अर्जुन. वड, पिंपळ, उंबर ही मोठ्या मनाची झाडं आहेत, पण देवळाची भिंत, विहीर आणि दफनभूमी यांपासून किमान ४० फूट दूर हवीत. पाळं थडग्यांत शिरली की कुटुंबं दुखावतात आणि मग झाडावर कुऱ्हाड येते. इतर मोठ्या झाडांत २०-२५ फूट अंतर, कुंपणाच्या भिंतीपासून ८-१० फूट, आणि विजेच्या तारांखाली काहीही उंच नको. गुलमोहर, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस फुकट मिळाली तरी नाकारावीत. सुबाभळीचं बी सगळीकडे पसरतं. गुलमोहराची मुळं वरवरची आणि फांद्या ठिसूळ, त्यामुळे वादळात तो आधी आडवा होतो. भरगर्दीच्या आवारात ते धोक्याचं आहे.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा चांगल्या खासगी रोपवाटिकेतून घ्यावीत. चार-पाच फूट उंच आणि करंगळीहून जाड खोडाचं रोप घ्यावं. पिशवी उचलून तळ पाहावा. मुळं आत गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप उंच असलं तरी नको. गुंडाळलेली मुळं पुढे स्वतःचाच गळा आवळतात, आणि सात-आठ वर्षांचं झाड एखाद्या वाऱ्यात मुळासकट पडतं. तळाशी मूळ थोडंसंच वळलं असेल तर पिशवीचा खालचा इंचभर भाग मुळासह धारदार सुरीने कापून टाकला की चालतं. रोपं आठवडाभर आधी आणून आवारातच ठेवावीत, म्हणजे तिथल्या वाऱ्या-उन्हाची सवय होते.

लागवड कधी? पहिल्या सरीला भुलू नये. बोटं खुपसून, नाहीतर पहारीने टोचून पाहावं. जमीन एक फूट खोल भिजली की वेळ झाली. उत्तर कोकणात हे बहुतेक वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात होतं. २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा सण येतो. गोव्यात त्या दिवशी भरलेल्या विहिरींत उड्या मारून सांजांव साजरा होतो. पाणी आलं म्हणून आनंद करण्याचा हा सण लागवडीला याहून योग्य कसा मिळणार! त्या आठवड्यातला शनिवार धरावा.

शनिवार का, त्यालाही कारण आहे. जुलै २०२५ मध्ये रोमने 'सृष्टीच्या संगोपनासाठी' अशी स्वतंत्र मिस्सा प्रकाशित केली. विशेष हेतूंसाठीच्या मिस्सांच्या संचात तिची भर पडली. नियमाप्रमाणे अशी मिस्सा रविवारची जागा आपसूक घेत नाही. त्यासाठी बिशपांची परवानगी लागते, आणि नाताळआधीचा आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ व ईस्टरनंतरचा पास्काकाळ यांतल्या रविवारी तर ती होतच नाही. शनिवारी सकाळी, मोठा सण नसेल तर, ती सरळ अर्पण करता येते. २४ जून हा स्वतः मोठा सण असल्याने त्या दिवशी मात्र योहानाचीच मिस्सा. शनिवारी २४ तारीख आली तर मिस्सा सणाची आणि शेवटी रोपांचा आशीर्वाद, असं करावं.

रोपं वेदीवर ठेवू नयेत, पायऱ्यांच्या बाजूला ठेवावीत. वाचनांसाठी १०४ वं स्तोत्र उत्तम. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला १५ वा चरणही वाचावा, कारण तिथे माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. दोन्ही शेतकऱ्याचीच कामं. प्रवचन दहा मिनिटांत आटपावं, बाहेर पाऊस थांबलेला असतो तेवढ्यात काम व्हायचं असतं. अर्पणाच्या मिरवणुकीत प्रत्येक आळीने आपल्या वाडीतली ओंजळभर माती आणि आपल्या विहिरीचं तांब्याभर पाणी आणावं. ही माती पुढे सगळ्या खड्ड्यांत थोडी थोडी पडते. भाकर आणि द्राक्षारसाबरोबर ती वेदीपर्यंत गेलेली असते, याचं मोल लहान मुलांनाही न सांगता कळतं.

पापनिवेदन मात्र मोघम नको. 'आम्ही निसर्गाची हानी केली' असं म्हटलं की कोणालाच काही बोचत नाही. झिंबाब्वेच्या मस्विंगो प्रांतात आफ्रिकन स्वतंत्र चर्चेसनी १९९१ मध्ये संघटना करून वृक्षारोपणाची मिस्सा सुरू केली. तिथे लोक नाव घेऊन कबुली देत: झाड तोडलं आणि दुसरं लावलं नाही, नदीचा काठ नांगरला. मग हातात रोप घेऊनच प्रभुभोजनाला जात आणि उपासना संपली की ते लावत. आपली कबुली आपल्या शब्दांत हवी. नमुना देतो:

'गाड्या लावायला जागा हवी म्हणून आम्ही आवारातली माती फरशीखाली गाडली. प्रभो, दया कर.
बावखल बुजवलं आणि त्यावर घर बांधलं. प्रभो, दया कर.
गेल्या वर्षी तुझ्या नावाने झाडं लावली आणि पुन्हा वळून पाहिलं नाही. प्रभो, दया कर.'

आशीर्वाद परमप्रसादानंतरच्या (कम्युनियननंतरच्या) प्रार्थनेनंतर. तीर्थ पानांवर शिंपडावं, बुंध्याशी ओतू नये. जुन्या पद्धतीत तीर्थात मीठ मिसळलं जातं. चार थेंबांनी काही होत नाही, पण बादलीभर ओतलं तर कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. मेणबत्त्या आणि धूप देवळातच राहू द्यावेत.

खड्ड्यापाशी दोनच माणसं हवीत. वीस जण फोटोसाठी उभे राहिले की भुसभुशीत माती पायाखाली दगडासारखी होते आणि पाणी आत जात नाही. आधी काठी रोवावी: सहा-सात फुटांचा बांबू, नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वारा येतो त्या बाजूला. रोप लावल्यावर ठोकली तर ती मुळांतून जाते. पिशवी उभी चिरून पूर्ण काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तो भाग जमिनीच्या बरोबरीला यावा. तो तीन-चार इंच पुरला तर साल कुजते, वर राहिला तर मुळं उघडी पडतात. माती तळव्याने दाबावी, टाचेने नको. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी, म्हणजे काठी आणि खोड एकमेकांना घासत नाहीत. नायलॉनची दोरी किंवा तार कधीच नको. पाऊस असला तरी बादलीभर पाणी घालावं, ते मातीतल्या पोकळ्या भरण्यासाठी. आळं मात्र आत्ता करू नये. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबून झाड मरतं. आळं ऑक्टोबरात.

शेवटी पिशव्या मोजाव्यात. पन्नास रोपं आणली तर पन्नास रिकाम्या पिशव्या परत हव्यात. अठ्ठेचाळीस भरल्या तर दोन रोपं पिशवीसकट पुरली गेली आहेत. त्याच दिवशी शोधून काढा.

कुंपण ही लागवडीइतकीच मोठी गोष्ट आहे. इथिओपियात दक्षिण गोंदर भागात जुन्या चर्चभोवती राखलेली रानं आहेत, आपल्या देवराईच्या जातीची. गुरं आत शिरून रोपटी खात, म्हणून तिथल्या लोकांनी शेतातले दगड उचलून रानाभोवती गडगे घातले. शेत साफ झालं आणि रानही राखलं गेलं. आपल्याकडे बांबूच्या कामट्यांचं पाच फुटी कुंपण पुरतं. लोखंडी जाळी घातली तर ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढायची तारीख वहीत लिहून ठेवावी. खोड जाळीत रुतलं की ती कापायला वेल्डर बोलवावा लागतो. देणगीदाराच्या नावाची पाटी कुंपणाला बांधावी. खोडाला खिळा नको.

झाडांच्या नोंदवहीचं काम पॅरिश कौन्सिलकडे असावं. फक्त फादरांकडे असेल तर बदलीबरोबर वही हरवते. पाण्याची जबाबदारी केवळ धर्मशिक्षणाच्या मुलांवर टाकू नये. मार्चमध्ये त्यांची परीक्षा, मेमध्ये ती मामाकडे, आणि झाडाची खरी तहान नेमकी तेव्हाच. आळीवार पाच झाडं वाटून द्यावीत आणि महिन्यातून एकदा लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रार्थनेची बैठक त्या झाडांपाशीच घ्यावी.

सप्टेंबर उजाडला की ८ तारखेच्या मारियेच्या जन्मोत्सवाचं नोव्हेना सुरू झालेलं असतं. मुलं नऊ दिवस फुलं वाहतात. त्याच नऊ दिवसांत झाडांची पाहणी वाटून घ्यावी: तण उपटणं, सैल सुतळी बांधणं, वाकलेलं रोप सरळ करणं. इथे एक घात हमखास होतो. सण जवळ आला की आवार स्वच्छ करायला गवत कापायचं यंत्र येतं. त्याची फिरती नायलॉनची तार कोवळ्या खोडाला एकदा चाटून जाते आणि जमिनीपासून बोटभर वर साल गोल सोलली जाते. पानांत तयार झालेलं अन्न याच सालीतून मुळांपर्यंत उतरतं. पानं तीन-चार आठवडे हिरवीच दिसतात, मग पिवळी पडतात, आणि सगळे म्हणतात पाणी कमी पडलं. वाकून बुंध्याशी पाहा, सोललेली कडी दिसेल. उपाय सोपा आहे: खोडाभोवती हातभर अंतरात फक्त विळ्याने, हाताने गवत काढायचं, आणि यंत्रवाल्याला आधीच बजावायचं.

सप्टेंबरच्या मिस्सेत आकडा वाचून दाखवावा: लावली किती, जगली किती, मेली किती आणि कशाने. मेलेल्या झाडांची कारणं वाचताना कोणाचं नाव घेऊ नये, पण कारण टाळूही नये. कारण सांगायचं टाळलं तर पुढच्या जूनमध्ये तीच चूक त्याच खड्ड्यात होते.

ऑक्टोबरात प्रत्येक झाडाला आळं करावं, आणि सुक्या पाल्याचं तीन-चार इंच आच्छादन घालावं, खोडापासून चार बोटं लांब. दफनभूमीजवळच्या झाडांना मात्र आच्छादन ३ नोव्हेंबरला घालावं. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ शेकडो मेणबत्त्या लागतात आणि सुका पाला पेटायला एक ठिणगी पुरते. लग्नसराईत मांडववाल्याला आणि आचाऱ्याला झाडं दाखवून ठेवावीत. गरम पेज आणि तेलकट-खारट पाणी नेमकं आळ्यात ओतलं जातं, कारण ते शोषायला तयार खड्डा दिसतो.

घाटावर, नगर-सोलापूरकडच्या चर्चमध्ये पाऊस कमी, म्हणून कडुनिंब, चिंच, बोर, बाभूळ बरी. तिथे झाडापासून फूटभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घालावी, तोंडावर झाकण ठेवावं. आठवड्याला एकदा भरलं की पाझर चालू राहतो. हंगामाच्या सणाला वेदीसमोर आलेल्या भाज्या-फळांचा लिलाव बऱ्याच ठिकाणी होतो. ते पैसे सरळ उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी राखून ठेवावेत.

लागवडीच्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये लूकच्या १३ व्या अध्यायातला अंजिराचा दाखला वाचावा. मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हा माळी काम जाणणारा आहे. खुरटलेल्या झाडाला नेमकं हेच करावं: खोडापासून फूटभर दूर, चार-सहा इंच खोल गोल चर, त्यात घमेलंभर कुजलेलं खत, वर माती. दुसऱ्या वर्षी पाणी आठवड्याला एकदाच, पण २०-२५ लिटर, म्हणजे मुळं खोल जातात. तिसऱ्या वर्षी पंधरवड्याने.

आंब्याचं कलम लावलं असेल तर लेवीयच्या १९ व्या अध्यायातले २३ आणि २४ हे चरण फळबागवाल्याने लिहिल्यासारखे वाटतात: लावलेल्या झाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाला अर्पण. कलमाला पहिल्याच वर्षी मोहोर येतो आणि सगळ्यांना हर्ष होतो. तो मोहोर तीन वर्षं खुडून टाकावा लागतो, नाहीतर फळ पोसण्यात झाडाची ताकद जाते आणि खोड कायमचं बारीक राहतं. हे काम जानेवारीत, मोहोर बोटभर असतानाच करावं. देठाशी नखाने मोडावा, ओढू नये. चौथ्या वर्षी पाच-सहा फळं धरू द्यावीत आणि मेमध्ये पाडाला आली की उतरवून, देठ वर ठेवून, त्या आळीच्या माणसांनी रविवारच्या मिस्सेत अर्पणाच्या ताटात आणावीत.